झाकण उघडून

१९७९ साली ॲपल-टू संगणकाच्या मालकाला पास्कलमध्ये प्रोग्रॅम लिहायचे असले, तर काम सुरू व्हायचं ते यंत्राचं झाकण काढण्यापासून. झाकणाला स्क्रू नव्हते. मागच्या कडेला बोटं घालून वर ओढलं की ते सुटायचं. आत मदरबोर्डवर मेमरी चिप्सच्या तीन ओळी, प्रत्येक ओळीत आठ. त्यांतली एक नेमकी चिप पाय न वाकवता उपसायची, नव्या कार्डावरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये बसवायची, आणि कार्डातून निघालेल्या चपट्या केबलचं टोक मदरबोर्डवर त्या चिपच्या जागी दाबायचं. मग कार्ड डाव्या हाताच्या पहिल्या स्लॉटमध्ये सरकवायचं. तेवढ्यानं भागत नसे. फ्लॉपी ड्राइव्हच्या कंट्रोलर कार्डावरच्या दोन छोट्या चिप्सही बदलाव्या लागत, कारण पास्कलच्या फ्लॉपीवर एका ट्रॅकमध्ये १३ ऐवजी १६ सेक्टर असत. या बदलामुळे फ्लॉपीची क्षमता सुमारे ११४ किलोबाइटवरून १४०वर जाई. हे सगळं करून झाकण लावलं की मग पास्कल.

या कार्डाचं नाव लँग्वेज कार्ड. नावावरून वाटतं की भाषा त्या कार्डात भरलेली असेल. प्रत्यक्षात त्यावर १६ किलोबाइट कोरी मेमरी होती, आणि पास्कलच्या फ्लॉपींसह त्या सगळ्याचे ४९५ डॉलर पडत. ॲपलमधला ६५०२ प्रोसेसर एकूण ६४ किलोबाइट जागा ओळखायचा. त्यातली ४८ रॅमची, ४ स्लॉटच्या कामांची, आणि उरलेल्या १२ किलोबाइटमध्ये बेसिक आणि मॉनिटर प्रोग्रॅम रॉममध्ये कायमचे बसलेले. पास्कलला ही १२ किलोबाइट जागा हवी होती. कार्ड काय करायचं, तर प्रोसेसरच्या नजरेआड रॉम लपवायचं आणि त्याच पत्त्यांवर रॅम दाखवायचं. जागा १२ किलोबाइटची आणि मेमरी १६ची, म्हणून उरलेली ४ किलोबाइट आळीपाळीनं पुढे-मागे करायची. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात केनेथ बोल्स यांच्या गटानं विकसित केलेलं पास्कल या युक्तीनं ॲपलवर चालू शकलं.

हे पुस्तक अशा कार्डांचं, केबलींचं आणि त्यांच्यामुळे चालू शकलेल्या कम्पायलर-असेम्बलरांचं आहे. आज मेमरी वाढवायची ती दुकानात जाऊन, आणि प्रोग्रॅमिंगचं साधन उतरवून घ्यायचं ते घरबसल्या, बहुतेकदा फुकट. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. १९७५पासून पुढची साधारण पंधरा वर्षं तो एकच व्यवहार होता. भाषा घ्यायची म्हणजे कार्ड घ्यायचं, कार्ड घेतलं म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम लिहायचा किंवा शोधायचा. संगणकाच्या इतिहासावरची बहुतेक पुस्तकं या दोन गोष्टी दोन वेगळ्या प्रकरणांत टाकतात, आणि मग दोन्ही प्रकरणं अर्धवट वाटतात.

सुरुवात अर्थातच आल्टेअरपासून. जानेवारी १९७५च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर हा संगणक झळकला. न्यू मेक्सिकोमधल्या आल्बुकर्क शहरातल्या मिट्स नावाच्या छोट्या कंपनीनं, एड रॉबर्ट्स यांच्या पुढाकारानं, तो सुट्या भागांच्या स्वरूपात विकायला काढला होता. आत इंटेलचा ८०८० प्रोसेसर आणि २५६ बाइट मेमरी. किलोबाइट नव्हे, बाइट. कीबोर्ड नाही, पडदा नाही. समोरच्या पट्टीवरचे खटके वर-खाली करून एकेक बाइट आत घालायचा आणि दिवे बघून उत्तर वाचायचं. याला संगणक म्हणायला मोठं मन लागतं. पण आत लांबलचक फळीवर कार्डं बसवायची सोय होती, आणि तीच पुढे एस-१०० या नावानं अनेक कंपन्यांनी उचलली.

या यंत्रासाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी बेसिक लिहिलं ते हार्वर्डच्या पीडीपी-१० संगणकावर, ८०८०ची नक्कल करणारा प्रोग्रॅम आधी तयार करून. अपूर्णांकांचं गणित मॉन्टे डेव्हिडॉफ यांनी लिहिलं. कागदी पट्टीवरून ते बेसिक आत घेण्यासाठी जो छोटा प्रोग्रॅम खटक्यांनी भरावा लागणार होता, तो लिहायचा राहून गेल्याचं मिट्सकडे जाताना विमानात ॲलन यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो तिथंच कागदावर लिहिला. ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. किमतीची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही, आणि माझ्या दृष्टीनं तीच महत्त्वाची आहे. बेसिक सुटं घेतलं तर शेकडो डॉलर. मिट्सचं मेमरी कार्ड बरोबर घेतलं तर शंभराच्या आत. बेसिकला चार हजार बाइट तरी लागणार, म्हणजे कार्ड घ्यावंच लागणार, तर ते आमचंच घ्या, असा हिशोब. हिशोबात एकच खोट होती. मिट्सचं ४ किलोबाइटचं डायनॅमिक मेमरी कार्ड धड चालत नसे.

बर्कलीत बॉब मार्श आणि गॅरी इनग्रॅम यांनी प्रोसेसर टेक्नॉलॉजी नावाची कंपनी काढून आल्टेअरमध्ये बसणारी आणि चालणारी स्टॅटिक मेमरी कार्डं विकायला सुरुवात केली. आता ग्राहकापुढे पेच असा: चालणारं कार्ड दुसऱ्याकडून घ्यावं, तर बेसिक पूर्ण किमतीला. कागदी पट्ट्यांच्या नकला हातोहात फिरू लागल्या. फेब्रुवारी १९७६मध्ये गेट्स यांनी छंदी संगणकप्रेमींना उद्देशून प्रसिद्ध केलेलं उघडं पत्र सॉफ्टवेअर चोरीच्या इतिहासातला पहिला मोठा दस्तऐवज म्हणून गाजलं. आल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतलं, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार रास्तच होती. पण त्या पत्राच्या मागे नादुरुस्त मेमरी कार्ड उभं आहे, हे ध्यानात घेतलं नाही तर छंदी मंडळी नुसतीच फुकटी दिसतात.

त्या भांडणातून एक चांगली गोष्ट निघाली. कॅलिफोर्नियातल्या पीपल्स कॉम्प्युटर कंपनीच्या मंडळींनी, डेनिस ॲलिसन यांच्या आराखड्यावरून, दोन-तीन किलोबाइटमध्ये मावणाऱ्या ‘टायनी बेसिक’ची कल्पना मांडली. ते ज्याचं त्यानं लिहावं, मासिकात छापावं, इतरांनी हातानं भरावं. त्यासाठी जानेवारी १९७६मध्ये ‘डॉ. डॉब्ज जर्नल’ सुरू झालं. मेमरी घेण्याची ऐपत नाही, तर भाषाच लहान करा, असा हा तोडगा. मेमरी कार्डाच्या किमतीनं भाषेचं व्याकरण ठरवलं, असं म्हटलं तरी चालेल: टायनी बेसिकमध्ये अपूर्णांक नव्हते.

स्टीव्ह वॉझनियॅक यांच्या बेसिकमध्येही अपूर्णांक नव्हते, पण कारण निराळं. त्यांच्याकडे असेम्बलर नव्हता. त्यांनी सगळा प्रोग्रॅम कागदावर हातानं लिहिला आणि प्रत्येक सूचनेचे आकडेही स्वतःच काढले. अपूर्णांकांचं गणित घातलं असतं तर काम लांबलं असतं. ॲपल-टूच्या रॉममध्ये गेलेलं हेच ते इंटिजर बेसिक. ज्याला असेम्बलरविना हे करावं लागलं, त्यानं त्याच रॉममध्ये एक छोटा असेम्बलर घालून ठेवावा, हे मला फार आवडतं. मॉनिटरच्या सूचनेपुढे एफ६६६जी एवढं टाइप केलं की तो हजर. यंत्र विकत घेतलं, टीव्हीला जोडलं, वीज लावली, आणि असेम्बली भाषेत लिहायला लागलं, इतकं सोपं.

स्लॉटांवरून झालेला वाद वॉझनियॅक यांनी स्वतः सांगितला आहे. स्टीव्ह जॉब्स यांचं म्हणणं, दोन पुरेत, एक प्रिंटरला आणि एक मोडेमला. वॉझनियॅक आठावर अडून बसले आणि आठच झाले. एप्रिल १९७७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये यंत्र लोकांपुढे आलं तेव्हा त्या आठ स्लॉटांचं काय करायचं याची कंपनीलाही पुरती कल्पना नसावी. लोकांना होती. काही वर्षांत त्यात ऐंशी अक्षरांची ओळ दाखवणारी कार्डं, घड्याळं आणि मोडेम बसले, आणि एक अजब गोष्टही बसली: दुसरा प्रोसेसर. १९८०मध्ये मायक्रोसॉफ्टनं सॉफ्टकार्ड आणलं. त्यावर झेड-८० प्रोसेसर, सोबत सीपी/एम ऑपरेटिंग सिस्टिम आणि मायक्रोसॉफ्टचं बेसिक. मायक्रोसॉफ्टकडच्या फोरट्रान आणि कोबॉलसारख्या भाषा ८०८० जातीच्या प्रोसेसरांसाठी लिहिलेल्या होत्या. त्या ६५०२साठी नव्यानं लिहिण्यापेक्षा ॲपलच्या पोटात दुसरा प्रोसेसरच घालावा, ही कल्पना ॲलन यांची. त्या वर्षी सॉफ्टवेअर कंपनी म्हणवणाऱ्या मायक्रोसॉफ्टची सर्वाधिक कमाई या हार्डवेअरनं केली.

या प्रचंड कल्पनांच्या शेजारी एक क्षुल्लक तार ठेवावीशी वाटते. पहिल्या ॲपल-टूच्या कीबोर्डवरून फक्त मोठी अक्षरं टाइप होत. शिफ्ट की दाबल्याचं प्रोग्रॅमला कळतच नसे. लोकांनी शिफ्ट कीपासून एक तार काढून ती गेम खेळण्याच्या दांड्यासाठी असलेल्या सॉकेटला जोडली. आता शिफ्ट दाबली की यंत्राला वाटायचं, खेळाचं बटण दाबलं गेलं. वर्ड प्रोसेसर लिहिणाऱ्यांनी ते बटण तपासून अक्षर लहान की मोठं ते ठरवायला सुरुवात केली. ही हार्डवेअरची दुरुस्ती म्हणायची की सॉफ्टवेअरची? त्या काळात हा प्रश्न कुणी विचारला नसता.

कार्डं बनवणाऱ्यांना आणि तारा जोडणाऱ्यांना हे जमलं, कारण जानेवारी १९७८च्या ॲपलच्या संदर्भपुस्तिकेत, ‘रेड बुक’ म्हणतात तिच्यात, यंत्राचा सर्किट आराखडा होता आणि मॉनिटर रॉमचा टिपांसकट छापलेला प्रोग्रॅमही. ते वाचून असेम्बली शिकलेले लोक पुष्कळ आहेत. पाठ्यपुस्तक म्हणून ते ओबडधोबड आहे, पण त्यातला प्रत्येक बाइट टेबलावरच्या यंत्रात खरोखर असतो, हे कुठल्या पाठ्यपुस्तकाला साधत नाही.

प्रत्येक सुधारणा पुढेच नेते असंही नव्हे. जून १९७९मध्ये ॲपल-टू प्लस आला तेव्हा रॉममध्ये इंटिजर बेसिकच्या जागी मायक्रोसॉफ्टकडून घेतलेलं ॲपलसॉफ्ट बेसिक बसलं. अपूर्णांक आले, तो छोटा असेम्बलर गेला. तो परत हवा असेल तर १६ किलोबाइटचं कार्ड घ्या आणि फ्लॉपीवरून जुनं इंटिजर बेसिक त्यात भरा. जे आधी यंत्राबरोबर फुकट मिळत होतं, ते परत मिळवायला आता कार्डाचे पैसे.

या सगळ्या मोकळेपणाबद्दल हळवं होऊन लिहिण्याची पद्धत पडली आहे. तेव्हाच्या कंपन्या उदार होत्या, ग्राहकावर विश्वास टाकत होत्या, वगैरे. वॉझनियॅक यांच्यापुरतं ते खरं असेल. एकूण व्यवहारापुरतं मला ते पटत नाही. झाकण उघडं राहिलं याचं मोठं कारण मेमरी महाग होती हे आहे. ॲपल-टू ४ किलोबाइटसह १,२९८ डॉलरला होता आणि ४८ किलोबाइटसह २,६३८ला. म्हणजे पूर्ण भरलेलं यंत्र दुपटीहून महाग. कंपनीला ते अपुरंच विकावं लागे, आणि अपुरी वस्तू विकायची तर ती पुरी कशी करायची तेही सांगावं लागे. आराखडे छापले गेले ते त्या गरजेपोटी. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि यंत्र कारखान्यातच पुरं करून देणं परवडू लागलं, तेव्हा झाकणंही बंद होऊ लागली.

याचा लवकरचा पुरावा ॲपलचाच आहे. जानेवारी १९८४मध्ये मॅकिंटॉश आला: २,४९५ डॉलर, १२८ किलोबाइट, एकही स्लॉट नाही. मेमरी चिप्स सॉकेटमध्ये नव्हत्या, बोर्डला सोल्डर केलेल्या होत्या. यंत्र उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागे. आणि आता प्रोग्रॅमिंगच्या साधनांचं पाहा: सुरुवातीला मॅकिंटॉशसाठी गंभीरपणे प्रोग्रॅम लिहायचे तर लिसा हा ॲपलचा कितीतरी महाग संगणक घ्यावा लागे, कारण कम्पायलर त्याच्यावर चालायचा. मॅकिंटॉशमध्ये तो मावत नव्हता. झाकण आणि कम्पायलर बरोबरच दुरावले, आणि माझ्या मते हा योगायोग नव्हता. तरीही १९८५च्या जानेवारीत ‘डॉ. डॉब्ज’नं मॅकिंटॉशच्या सोळा चिप्स काढून चौपट क्षमतेच्या बसवून १२८चे ५१२ किलोबाइट कसे करायचे, ते छापलंच. ते शक्य झालं कारण बोर्ड आखणाऱ्या बरेल स्मिथ यांनी मोठ्या चिप्ससाठी लागणाऱ्या जोडण्या मूळ आराखड्यात आधीच घालून ठेवल्या होत्या.

इंग्लंडात याच सुमारास निराळं वळण मिळालं. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रोमध्ये बेसिकसकट चार रॉम चिप्सची सॉकेटं होती. पास्कल, लिस्प, लोगो, बीसीपीएल या भाषा चिपच्या रूपात विकत मिळत. सगळ्या चिप्स एकाच १६ किलोबाइटच्या पत्त्यावर बसत आणि एका वेळी एकच समोर येई. मूळ बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिलेलं, आणि त्यात चौकटी कंसात थेट असेम्बली लिहायची सोय. भारतात १९८४-८५पासून केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून शाळांमध्ये गेलेली यंत्रं हीच.

बीबीसी मायक्रोच्या पोटाखाली ‘ट्यूब’ नावाचं एक कनेक्टर होतं, दुसरा प्रोसेसर बाहेरून जोडण्यासाठी. नवा प्रोसेसर स्वतःच तयार करायचं एकॉर्ननं ठरवलं तेव्हा विल्सन यांनी त्याच्या सूचनांची नक्कल बीबीसी बेसिकमध्ये लिहून तपासली. रचना स्टीव्ह फर्बर यांची. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हाती आली आणि चालली. ती बीबीसी मायक्रोला ट्यूबमधून जोडलेला दुसरा प्रोसेसर म्हणूनच वापरात आली. तिचं नाव एआरएम, आणि आजच्या बहुतेक मोबाइल फोनांत तिचीच वंशावळ आहे. शाळकरी संगणकाच्या एका कनेक्टरला इतकं मोठं श्रेय देताना जीभ चाचरते, पण घटनाक्रम तसाच आहे.

आयबीएम पीसीवर या पुस्तकात सर्वांत जास्त पानं आहेत. प्रस्तावनेत मात्र मी त्याच्याबद्दल आवरतं घेणार आहे, कारण ती कथा वाचकांना बरीचशी माहीत असते. १२ ऑगस्ट १९८१ला तो जाहीर झाला: ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसर, कमीत कमी १६ किलोबाइट मेमरी, पाच स्लॉट, रॉममध्ये बेसिक. आयबीएमनंही तांत्रिक संदर्भपुस्तिकेत आराखडे आणि बायोसचा पूर्ण प्रोग्रॅम छापला. मेमरी वाढवली की बोर्डवरचे बारीक खटके टाचणीच्या टोकानं सरकवून यंत्राला ते सांगावं लागे. आयबीएमचा असेम्बलर विकत घेतला तर त्यात दोन प्रोग्रॅम मिळत. साधा असेम्बलर ६४ किलोबाइटमध्ये चालायचा, आणि मॅक्रो लिहायची मुभा असलेल्याला ९६ लागत. ज्यांच्याकडे असेम्बलरच नव्हता ते डॉसबरोबर येणाऱ्या डीबगवर भागवत.

बोर्डवर ८०८८च्या शेजारी एक रिकामं सॉकेट होतं, ८०८७ या गणिती प्रोसेसरसाठी. हे सॉकेट मला या विषयाचं सर्वांत नेमकं उदाहरण वाटतं. चिप आणून बसवली तरी आपले नेहमीचे प्रोग्रॅम पूर्वीइतकेच हळू चालत. कम्पायलरनं त्या चिपसाठी वेगळ्या सूचना तयार केल्या तरच तिचा उपयोग, नाहीतर ती नुसती तापायची. म्हणजे चिपची किंमत मोजल्यावर कम्पायलरचीही मोजायची, आणि ज्याच्याकडे ती चिप नाही त्याच्याकडे आपला प्रोग्रॅम चालेल का याची चिंता वर.

मग आली ६४० किलोबाइटची भिंत. ८०८८ एक मेगाबाइटपर्यंत पत्ते ओळखायचा, पण वरचा भाग पडदा, रॉम आणि कार्डांसाठी राखीव. एएसटी कंपनीचं सिक्सपॅकप्लस एकाच स्लॉटमध्ये ३८४ किलोबाइटपर्यंत मेमरी, बॅटरीवरचं घड्याळ आणि प्रिंटर-मोडेमच्या जोडण्या देई. बोर्डवरच्या २५६शी त्याची बेरीज ६४० होते, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तैवानपर्यंत पुष्कळांनी हीच बेरीज केली. भारतात नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणानंतर सुट्या भागांची आयात सोपी झाली आणि ‘असेम्बल केलेला पीसी’ हा शब्दप्रयोग घरोघरी पोचला. १९८५मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून भिंतीपलीकडची मेमरी १६ किलोबाइटच्या तुकड्यांनी एका ६४ किलोबाइटच्या खिडकीत आणण्याचा मार्ग ठरवला. लँग्वेज कार्डाचीच जुनी युक्ती, मोठ्या आकारात. प्रोग्रॅमरांनी ती वापरली आणि तिला शिव्याही दिल्या.

टर्बो पास्कलबद्दल मात्र हात आखडता घेणार नाही. नोव्हेंबर १९८३मध्ये फिलिप कान यांच्या बोरलँड कंपनीनं ते ४९.९५ डॉलरला विकायला काढलं, तेव्हा त्या तोडीच्या कम्पायलरला कित्येक शे डॉलर पडत. किंमत हा त्यातला लहान भाग. आधीचे कम्पायलर वापरणं म्हणजे डबा घेऊन गिरणीवर जाणं: एडिटरची फ्लॉपी काढा, कम्पायलरची घाला, पहिली फेरी, दुसरी फेरी, लिंकरची फ्लॉपी, आणि शेवटी कळणार की चौथ्या ओळीत अर्धविराम राहिला आहे. टर्बो पास्कलमध्ये एडिटर आणि कम्पायलर एकत्रच मेमरीत, आणि दोघं मिळून चाळीस किलोबाइटच्या आत. प्रोग्रॅम एकाच फेरीत, मेमरीतल्या मेमरीत तयार व्हायचा. चूक झाली की कर्सर थेट त्या जागी. वर्डस्टार या वर्ड प्रोसेसरच्या की आधीच बोटांत बसलेल्या असत, त्या इथंही चालत.

हे कुणाला सुचलं? डेन्मार्कच्या आंडर्स हेल्सबर्ग यांना. आणि का सुचलं, याचं उत्तर एका सॉकेटमध्ये आहे. टर्बो पास्कलच्या आधी त्यांनी ब्रिटिश बनावटीच्या नॅसकॉम या सुट्या भागांतून जोडायच्या संगणकासाठी पास्कल लिहिलं होतं, १२ किलोबाइटच्या रॉममध्ये मावणारं, एडिटरसकट. फ्लॉपी नाही, मेमरी थोडी, चिपची जागा ठरलेली. सगळं एकाच वेळी आत असल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पुढे मेमरी मुबलक झाल्यावरही त्यांनी तीच सवय ठेवली. टर्बो पास्कलचा वेग हा चणचणीत शिकलेल्या काटकसरीचा वेग होता. ८०८७साठीची टर्बो पास्कलची आवृत्ती मात्र वेगळी विकत घ्यावी लागे, हे आधीच्या मुद्द्याला जोडून नोंदवतो.

आता मराठी वाचकाला थेट भिडणारी गोष्ट. आयबीएम पीसीसाठी हर्क्युलिस हे प्रसिद्ध ग्राफिक्स कार्ड १९८२मध्ये व्हॅन सुवन्नुकुल यांनी तयार केलं, ते त्यांना आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता म्हणून. ७२० बाय ३४८ ठिपक्यांचा तो पडदा पुढे जगभर हिशोबाचे तक्ते आणि आलेख पाहायला वापरला गेला. मुळात ती एका लिपीची अडचण होती. देवनागरीचीही तीच अडचण होती आणि तिच्यावरही उत्तर निघालं ते कार्डाच्याच रूपात. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेलं ‘जिस्ट’ या भारतीय लिप्यांसाठीच्या तंत्राचं काम १९८८मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आलं. ‘परम’ महासंगणकामुळे सी-डॅकचं नाव झालं, पण कचेऱ्यांत आणि छापखान्यांत तिची ओळख जिस्ट कार्डानं झाली.

जिस्ट कार्डाची करामत अशी की डॉसवरचे अक्षरी प्रोग्रॅम जसेच्या तसे राहत. डीबेस किंवा वर्डस्टारला मराठीचा गंध नव्हता. ते पडद्याकडे एकेक बाइट पाठवत आणि कार्ड त्या बाइटांची देवनागरी अक्षरं काढी. बाइटांचा अर्थ ठरवणारं प्रमाण म्हणजे इस्की. १९९१मध्ये ते भारतीय मानक म्हणून नव्यानं प्रसिद्ध झालं. खालचे १२८ संकेत इंग्रजीचे तसेच, वरच्यांत भारतीय लिप्या. वरच्या त्याच संकेतांवर आयबीएमनं चौकटी काढायच्या रेघा ठेवल्या होत्या, त्यामुळे रेघ आणि अक्षर या दोघांनी एकाच जागेवर हक्क सांगितला. संकेत वर्णमालेच्या क्रमानं लावलेले, म्हणून डीबेसला यादी अकारविल्हे लावायला सांगितली की ती जवळजवळ बरोबर लागे, डीबेसला त्यातलं काही न कळता. ‘क्ष’ मात्र तीन बाइटांचा: क, हलन्त, ष. पडद्यावर एक अक्षर आणि फाइलीत तीन बाइट, हे न ओळखणाऱ्याच्या रकान्यांत लांब आडनावं शेवटी तुटत. पुढे युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतली गेली. एका कार्डासाठी केलेला विचार आज आपल्या प्रत्येक फोनमध्ये आहे.

पाश्चात्त्य लेखकांच्या या विषयावरच्या पुस्तकांत जिस्ट कार्डाचा उल्लेखही सापडत नाही. हर्क्युलिसचा सापडतो, पण थाई लिपीचा भाग एखाद्या गमतीसारखा येतो. मला ती गंमत वाटत नाही. इंग्रजी टाइप करणाऱ्याला मेमरी हवी होती, वेग हवा होता. आपल्याला आणि थाई लोकांना त्याआधी अक्षर हवं होतं, आणि ते स्लॉटमधूनच येणार होतं. म्हणून या पुस्तकात लिप्यांची प्रकरणं परिशिष्टात नाहीत, मधोमध आहेत.

काय वगळलं तेही सांगायला हवं. कमोडोर, अटारी आणि सिंक्लेअर यांना फार थोडी जागा मिळाली आहे. सिंक्लेअरच्या झेडएक्स-८१ला मागून लावायचा १६ किलोबाइटचा मेमरीचा डबा जरा हलला की टाइप केलेला सगळा प्रोग्रॅम पुसला जाई. या एका वाक्यावर मी त्याची बोळवण करतो आहे, याची मला जाणीव आहे. खेळांना आणि आवाजाच्या कार्डांना हात लावलेला नाही. आयबीएमच्या बायोसची नक्कल आणि त्यातून उभे राहिलेले क्लोन यांवर चांगली पुस्तकं आहेत, त्यामुळे तो भाग धावता आहे.

प्रकरणं वर्षांनुसार लावलेली नाहीत. मेमरीच्या आकारानुसार लावली आहेत, २५६ बाइटपासून ६४० किलोबाइटपर्यंत, कारण त्या काळातल्या माणसाला काय लिहिता येईल हे सालापेक्षा त्या आकड्यावर ठरत होतं. त्यामुळे १९८१चा झेडएक्स-८१ हा १९७७च्या ॲपलच्या आधी येतो, याला इलाज नाही. किलोबाइट म्हणजे सगळीकडे १०२४ बाइट. किमती त्या वेळच्या डॉलरमध्ये आहेत. रुपयांत केलेलं रूपांतर आयातकराविना खोटं ठरलं असतं, आणि आयातकर दर अर्थसंकल्पात बदलत होता. असेम्बलीतले नमुना प्रोग्रॅम मूळ सूचनांसह दिले आहेत, टिपा मराठीत आहेत. सहाव्या प्रकरणातला लँग्वेज कार्डाचा नमुना एम्युलेटरवर चालवताना यंत्र ६४ किलोबाइटचं निवडावं, ४८च्या यंत्रावर तो पहिल्याच ओळीनंतर थांबतो.